सुतळीनं बांधलेली वेबसाइट

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीच्या वेबसाइटचं उद्घाटन नारळ फोडून झालं. कॉम्प्युटरवर फोडता येईना म्हणून लायब्ररीच्या उंबऱ्यावर फोडला, आणि सगळं पाणी माझ्या नव्या साडीवर उडालं. मग संस्थेच्या सेक्रेटरींनी, म्हणजे ज्यांना शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे अप्पा म्हणतात त्यांनी, माउसवर बोट दाबलं आणि पडद्यावर एका लायब्ररीचा फोटो उघडला. गोल घुमट, संगमरवरी जिना, भिंतीभर पुस्तकं. टाळ्या पडल्या. आमची लायब्ररी म्हणजे पत्र्याचा लांबट हॉल, लोखंडी रॅक आणि उन्हाळ्यात नुसता गरम वारा फेकणारे तीन पंखे. तो फोटो कुठल्या देशातला होता ते मला अजूनही ठाऊक नाही.

आमचं कॉलेज कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला जवळजवळ टेकलेलं. मी तिथली ग्रंथपाल. माझा जन्म याच भागातला, शिक्षण गुलबर्ग्याला झालं, आणि स्वभाव तापट आहे हे माझ्या नवऱ्यापासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तर त्या दिवशी टाळ्या थांबल्यावर अप्पांनी भाषण केलं आणि शेवटी हसत हसत म्हणाले, "आता पोरं घरी बसून पुस्तक हुडकतील. समिती येऊन गेली की आपल्या अक्कालाबी मोकळं करू. लई वर्षं राबली बिचारी, आता आराम कर म्हणावं."

लोक हसले. अक्का दाराशी फुटलेल्या नारळाच्या करवंट्या गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि करवंट्या टोपलीत टाकत राहिल्या.

अक्का म्हणजे आमच्या लायब्ररीच्या अटेंडर. माझ्या आधीपासून तिथं आहेत, एकोणीस वर्षं, आणि एकोणीस वर्षं टेंपररी. त्यांच्या सासऱ्यांपर्यंत घरात मेंढरं होती. नवऱ्याच्या वेळी मेंढरं गेली, मग नवराही गेला. अक्का मराठी बोलतात, कानडी बोलतात, बाजारात गेल्या की दखनी उर्दू बोलतात. वाचायला कानडीच येतं, तेही अक्षराला अक्षर लावत. इंग्रजी अजिबात नाही. तरी कुठलं पुस्तक कुठल्या रॅकला आहे हे त्यांना अंधारात सांगता येईल. ही नोकरी गेली तर त्यांच्यापुढं तुरीच्या रानातली रोजंदारी होती, आणि गुडघे असे की खाली बसलेलं माणूस उठवायला दुसरं माणूस लागावं.

समिती म्हणजे कॉलेजची तपासणी करायला बाहेरून येणारे प्राध्यापक. ते हिवाळ्यात येणार होते. तोपर्यंत वेबसाइट नीट चालली पाहिजे, ही जबाबदारी अप्पांनी माझ्या गळ्यात घातली. वेबसाइट बनवली शहरातल्या एका कंपनीनं, तिचे लोक एकदाही आमच्या हॉलमध्ये आले नाहीत, आणि चालवून दाखवायची मी! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

खोटं कशाला बोलू, पहिल्या आठवड्यात मला त्या वेबसाइटचा वाईटपणा बघून आनंदच झाला. वर सतरा शीर्षकं, सगळी इंग्रजीत. एकाचं नाव रिपॉझिटरी, एकाचं ई-रिसोर्सेस, एकाचं नॉलेज सेंटर, आणि तिन्हींवर दाबलं तरी तोच घुमट. पुस्तक शोधायचा रकाना सगळ्यात खाली, प्राचार्यांच्या संदेशाच्याही खाली. मनात म्हटलं, राहू दे अशीच. चालली नाही तर अक्का राहतील.

हे मी अक्कांना बोलूनही दाखवलं. त्या रॅकवरची धूळ झटकत होत्या. फडकं खांद्यावर टाकून म्हणाल्या, "आसं करू नका मॅडम. तुमचं काम तुमी चांगलंच करा. मुद्दाम वाईट ठिवलेल्या कामावर मला भाकर नको."

मी त्यांचं ऐकलं. मला असं सुनावणारी माणसं फार नाहीत.

मग कंबर कसली. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारे एक सर आहेत, उंच, सडपातळ, कुठलीही गोष्ट ऐकली की आधी "होणार नाही" म्हणतात आणि मग तीच करून देतात. त्यांना बरोबर घेतलं. सतरा शीर्षकांची नऊ केली. घुमट उडवला आणि आमच्या पत्र्याच्या हॉलचा फोटो टाकला. पुस्तकांची सगळी यादी शास्त्राप्रमाणे लावली: आधी विषय, मग भाषा, मग वर्गांक, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला तो नंबर. इतिहास, त्यात कानडी, त्यात इंग्रजी, त्यात मराठी. गुलबर्ग्याला शिकताना परीक्षेत लिहिलं होतं अगदी तसं. मला तर ते बघून स्वतःचीच दृष्ट काढावीशी वाटली.

विद्यार्थ्यांना दाखवून बघावं म्हणून बारा-पंधरा पोरापोरींना हॉलमध्ये बोलावलं. प्रत्येकाला कॉम्प्युटरपुढं बसवलं आणि विचारलं, कसं वाटतंय? "भारी हाय मॅडम." कळतंय ना? "व्हय मॅडम." काही बदलायला पाहिजे का? "न्हाई मॅडम, लई बेस झालंय." एकजात सगळे. मी खूश. सर म्हणाले, "झालं काम." त्यांनीसुद्धा होणार नाही म्हटलं नाही, इथंच मला शंका यायला पाहिजे होती.

त्यातली एक मुलगी मादन हिप्परग्याची होती, बी.ए.ची. तिनं तर वेबसाइटला हात जोडायचेच बाकी ठेवले होते. ती खुर्चीवरून उठली, दार ओलांडलं, वळून परत आत आली, सरळ काउंटरला गेली आणि अक्कांना म्हणाली, "अक्का, अर्थशास्त्राचं द्या की. बस जायलीय."

मी उठून गेले. "अगं ए, आत्ता तर वेबसाइट भारी आहे म्हणालीस ना? मग तिथं का नाही बघितलंस? अक्कांना कामून विचारायलीस?"

ती गोंधळली. खरंच गोंधळली, म्हणजे मी काय विचारतेय हेच तिला कळेना. म्हणाली, "व्हय मॅडम, वेबसाइट भारीच हाय. पर मला पुस्तक पायजे होतं."

कपाळाला हात लावला मी. आमच्या भागात मोठ्या माणसानं काही करून पुढं ठेवलं तर ते वाईट आहे म्हणायची रीत नाही. भाजी खारट झाली तरी पाहुणा चांगली झाली म्हणून अजून एक पळी मागून घेतो. मीही हेच करत मोठी झाले, आणि मीच खुर्ची मांडून पोरांना विचारत होते की मॅडमनी केलेलं कसं वाटतंय! दुसरं काय उत्तर येणार होतं?

दुसऱ्या दिवसापासून मी माझी खुर्ची उचलली आणि काउंटरच्या मागच्या रॅकआड नेऊन ठेवली. तिथून मी दिसत नव्हते. अक्कांना सांगितलं, कुणी विचारलं तर मॅडम मीटिंगला गेल्यात म्हणा. अक्का हसल्या. "आमच्यात मेंढरं राखताना लांडग्यासाठी आसं बसत्यात," म्हणाल्या. असा एक आठवडा मी बसले, आणि अकरा वर्षांच्या नोकरीत शिकले नव्हते तेवढं त्या आठवड्यात शिकले.

पहिली गोष्ट कळली ती ही की एकाही पोरानं पुस्तकाचं नाव घेतलं नाही. वर्गांक तर दूरच. "गेल्या साली आमच्या ताईनं नेलतं ते हाय का?" "सरांनी वर्गात दाखविलेलं." "परीक्षेचे जुने पेपर कुठंयत?" "हे किती दिस ठिवून घेऊ?" यातल्या एकाही प्रश्नाला माझ्या नऊ शीर्षकांत जागा नव्हती. मी भाषा, विषय, वर्गांक घेऊन बसले होते आणि पोरांना जुने पेपर पाहिजे होते. लाज वाटली मला.

दुसरी गोष्ट कळायला तीन दिवस लागले. प्रत्येक वेळी अक्का एक पुस्तक मागितलं की दोन देत होत्या. त्या हिप्परग्याच्या मुलीनं अर्थशास्त्र मागितलं तेव्हाही एक कानडी दिलं आणि वर एक मराठी. पोरंही दोन्ही मुकाट घेत होती, जसं काही ते ठरलेलंच आहे. मी रॅकआडून बाहेर आले.

"अक्का, तिनं एकच मागितलं. दोन कामून दिलात?"

"जोडी हाय ती," अक्का म्हणाल्या.

"कसली जोडी?"

त्या माझ्याकडं अशा बघत राहिल्या की मला आपलंच काही चुकलंय हे समजलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमीच बंद केलं हुतं न्हवं मॅडम."

आणि मला आठवलं. सगळं आठवलं.

मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या अंगात नव्या पदवीची रग होती. पहिल्याच दिवशी रॅकवर बघते तर काय, जागोजागी दोन-दोन पुस्तकं सुतळीनं बांधून ठेवलेली. कानडी इतिहासाला मराठी इतिहास बांधलेला, इंग्रजी अर्थशास्त्राला सोलापूरहून आणलेलं मराठी अर्थशास्त्र. वर्गांकाची पार वाट लागलेली. मी अक्कांवर सगळ्यांदेखत ओरडले. हा किराणा आहे का, गूळ-शेंगदाण्याच्या पुड्या बांधायला? टेबलावरची कात्री घेतली आणि दिवसभर सुतळ्या कापत सुटले. पुस्तकं आपापल्या भाषेच्या रॅकला लावली. संध्याकाळी हॉल असा नीटनेटका दिसत होता की मी त्याचा फोटो काढून माझ्या गुलबर्ग्याच्या मॅडमना पाठवला. अक्कांनी तुकडे झाडून काढले होते.

"मग त्या जोड्या कशाच्या होत्या?" अकरा वर्षांनी मी विचारलं.

अक्कांनी स्टूल ओढलं, बसल्या. "आपली पोरं दहावीपर्यंत मराठी शाळंत शिकत्यात. इथं आली की पेपर लिवायचा कानडीत न्हाईतर विंग्रजीत. नुसतं कानडी वाचलं तर डोस्क्यात शिरंना, नुसतं मराठी वाचलं तर पेपर लिवता येईना. मग एक समजायला, एक लिवायला. जी पोरं पास व्हायची ती दोन-दोन पुस्तकं कोणती नेत्यात ते मी बगून ठिवायची. पुस्तक माघारी आलं की इचारायची, कशासंगं वाचलास? आन् बांधून ठिवायची. म्हंजी माझ्या माघारीबी पुढच्याला गावावं."

"आणि मी कापल्यावर?"

"मग काय. डोस्क्यात ठिवली."

अकरा वर्षं! रोज, मागच्या दोन रॅकांवरून दोन पुस्तकं चालत जाऊन आणायची, त्या गुडघ्यांनी, कारण मॅडमना बांधलेलं आवडत नाही. मला रडू आलं. काउंटरवरच रडले, पोरं बघत असताना, आणि म्हटलं अक्का माझं चुकलं. अक्का घाबरल्याच. "आवं मॅडम, पोरं काय म्हणतील," म्हणत त्यांनी मला खांद्यावरचं धूळ झटकायचं फडकं दिलं डोळे पुसायला. त्यानं अजूनच पाणी आलं.

मग मात्र मी पदर खोचला. लायब्ररीत जुनी कॅटलॉग कार्डं होती, लाकडी कपाटातल्या खणांत, कॉम्प्युटर आल्यापासून कुणी हात न लावलेली. त्यांची मागची बाजू कोरी. ती सगळी वाचायच्या टेबलांवर काढली. एकेका कार्डाच्या पाठीवर पोरांचा एकेक प्रश्न लिहिला, त्यांच्याच शब्दांत. मग हिप्परग्याची ती मुलगी आणि तिच्या बसच्या दोघी-तिघींना बसवलं आणि म्हटलं, जे एकत्र पाहिजे ते एकत्र ठेवा. मी बाहेर जाते. आणि खरंच बाहेर गेले, कॅन्टीनमध्ये दोन चहा प्यायले. परत आले तर चार गठ्ठे झाले होते: पुस्तक आहे का, जुने पेपर, किती दिवस ठेवता येईल, आणि जोडी. माझी नऊ शीर्षकं तिथंच संपली.

सर म्हणाले, "जोडी होणार नाही. असला रकाना कुठल्याच पद्धतीत नसतो."

"मग आपल्या पद्धतीत असेल," मी म्हटलं.

"आणि जोड्यांची यादी कुठंय?"

मी अक्कांकडं बोट केलं. सरांनी हात टेकले आणि कामाला लागले.

त्या दिवसापासून रोज दुपारी जेवणाचा डबा धुऊन झाला की आम्ही तिघं बसायचो. मी रॅकवरचं पुस्तक उचलून दाखवायची, अक्का बघून सांगायच्या याच्या जोडीचं ते, तांबड्या पुठ्ठ्याचं, तिसऱ्या रॅकला, खालून दुसरं. मी जाऊन आणायची. आता मी चालायची आणि अक्का बसून राहायच्या, हे मी ठरवूनच टाकलं होतं. दोन्हींचे वर्गांक सर भरायचे. मी प्रत्येक जोडी उघडून धडे ताडून बघितले, कारण माझा स्वभावच तसा. चुकलेल्या जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. उरलेल्या सगळ्या बरोबर, इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या बाईच्या. सर मधेच काम थांबवून अक्कांकडं बघत बसायचे.

एक दिवस अक्कांनीच विचारलं, "मॅडम, हे समदं यात गेलं की माझ्या डोस्क्यात काय ऱ्हाईलं?"

सहज विचारल्यासारखं विचारलं, पण हात फडक्याची घडी घालत होते, मोडत होते. खरंच की! मी त्यांचं एकोणीस वर्षांचं सगळं उचलून मशिनीत घालत होते, आणि समिती गेल्यावर त्या मशिनीसाठीच अप्पा त्यांना घरी पाठवणार होते. मी म्हटलं, "अक्का, नवी पुस्तकं दरवर्षी येतात. त्यांच्या जोड्या कोण लावणार? मी तर कापणारी बाई." त्या हसल्या. पण मला रात्रभर पुरेल एवढा घोर लागला.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं की ज्या पुस्तकाला अजून जोडी नाही त्याच्या खाली एक मोठं बटण पाहिजे. पोरानं ते दाबलं की निरोप काउंटरवरच्या कॉम्प्युटरला यावा, आणि जोडी सापडली की उत्तर पोराच्या फोनवर जावं. सरांनी विचारलं, बटणावर काय लिहू, ग्रंथालय सहाय्य? मी म्हटलं, लिहा, 'अक्कांना विचारा'. तिन्ही लिप्यांत, ठळक. सर म्हणाले, होणार नाही, आणि चार दिवसांत करून दिलं.

या वेळी वेबसाइट तपासायला मी कसं वाटतंय असं कुणालाच विचारलं नाही. हिप्परग्याची बस सुटायला दहा मिनिटं असताना काउंटर बंद ठेवलं आणि बाहेर पाटी लावली, आज पुस्तक फोनवरूनच मागा. अक्का आणि मी खिडकीआड उभ्या. पोरी आल्या, पाटी बघून एकीनं तर शिवीच दिली, मग फोन काढले. बसवाल्यानं पहिला हॉर्न वाजवला. आणि ती मुलगी ओरडली, "आगं गावलं! जोडी पण हाय बग!" दुसरा हॉर्न वाजायच्या आत सगळ्यांनी मागणी टाकली. मी रॅकांवरून पळत पुस्तकं आणली, अक्कांनी दार उघडून हातात दिली, बस धरली पोरींनी. मी अक्कांना कडकडून मिठी मारली. कुणी भारी म्हटलं नव्हतं, शिवी मिळाली होती, पण पुस्तक मिळालं होतं.

समिती आली. त्यात एक वयस्क प्राध्यापिका होत्या, कानडी बोलणाऱ्या, पांढरे केस, चष्मा दोरीला बांधलेला. अप्पा इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत पुढं. त्या बाईंनी कुणाचंच भाषण ऐकलं नाही. खुर्ची ओढली, वेबसाइट उघडली आणि इतिहासाचं एक कानडी पुस्तक शोधलं. ते आलं. त्याच्या खाली आलं, हे लिहायला, आणि शेजारी एक मराठी पुस्तक, समजायला हे. त्या थांबल्या. चष्मा लावला, काढला, परत लावला. मग नवीन आलेलं एक पुस्तक शोधलं. त्याला जोडी नव्हती, बटण होतं.

"या अक्का कोण?" त्यांनी कानडीत विचारलं.

अप्पा चटकन म्हणाले, "ते काय न्हाई मॅडम, कंपनीनं ठिवलेलं नाव हाय. काढून टाकतो."

मी तापले. अप्पांच्या पुढं बोलायची रीत नाही, पण त्या क्षणी रीतबीत काही आठवलं नाही. "कंपनीनं घुमट ठेवला होता अप्पा," मी म्हटलं, "बाकी सगळं यांचं आहे," आणि दाराआड उभ्या असलेल्या अक्कांना हाताला धरून पुढं आणलं. सांगितलं सगळं, सुतळीपासून. मी कात्री चालवली तेही सांगितलं, कारण ते लपवलं असतं तर सगळंच खोटं झालं असतं.

बाईंनी अक्कांना शेजारी बसवलं. ते जोडी नसलेलं नवं पुस्तक रॅकवरून मागवलं आणि त्यांच्या हातात दिलं. अक्कांनी ते चाळलं, आतली चित्रं बघितली, एक-दोन मथळे अक्षराला अक्षर लावून वाचले आणि विचारलं, "बाई, हे कितव्या वर्साला शिकवत्यात?" बाईंनी सांगितलं. अक्का उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, पाचव्या रॅकला गेल्या आणि एक मराठी पुस्तक घेऊन आल्या. बाईंनी ते माझ्यापुढं सरकवलं. मी दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवून मोठ्यानं वाचल्या. धड्याला धडा जुळत गेला.

जाताना बाई सगळ्यांसमोर अप्पांना म्हणाल्या, "ही वेबसाइट आम्ही आमच्या अहवालात लिहिणार. पण या बाईंना सोडलंत तर पुढच्या वर्षी ती जुनी होईल, हेही लिहिणार."

अप्पा माणूस वाईट नाही. त्यांना जे दिसत नाही ते नाही असं वाटतं, एवढंच. त्या दिवशी त्यांना दिसलं. गाड्या गेल्यावर ते परत हॉलमध्ये आले, टोपी काढली, अक्कांपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "अक्का, एकुणीस वर्षं हितनं जायलोय, यायलोय. मला कुणी सांगितलं कामून न्हाई?" अक्का म्हणाल्या, "तुमी इचारलं न्हाई अप्पा."

पंधरा दिवसांनी ऑर्डर आली. ग्रंथालय सहाय्यक, कायम. पाकीट घेऊन अक्का माझ्या टेबलापाशी आल्या. ऑफिसचा कागद होता, कानडीतला, तोही असा की सरळ माणसाला कळू नये म्हणूनच लिहिलेला. अक्कांनी अक्षराला अक्षर लावत पहिली ओळ वाचली, दुसरीवर थांबल्या आणि कागद माझ्यापुढं ठेवला. "मॅडम, समजायला मराठीत सांगा. सही मी कानडीत करते."

मी एक जुनं कॅटलॉग कार्ड घेतलं आणि त्याच्या पाठीवर मराठीत लिहून काढलं, ओळीला ओळ. आपणास आजपासून कायम करण्यात येत आहे. वाचून दाखवलं. त्यांनी कायम हा शब्द परत वाचायला सांगितला. परत वाचला. मग त्यांनी कागदावर कानडीत सही केली, सावकाश, एकेक अक्षर. एक प्रत ऑफिसला गेली. दुसरी त्यांनी दुमडली, वर माझं कार्ड ठेवलं आणि काउंटरचा सगळ्यात खालचा ड्रॉवर उघडला. आत सुतळीचे तुकडे होते. मी कापलेले. मला वाटलं होतं त्यांनी ते कचऱ्यात टाकले.

त्यातला एक लांबसा तुकडा निवडून त्यांनी दोन्ही एकत्र बांधलं, गाठ मारली आणि माझ्या हातात दिलं.

"कापू नका आता," म्हणाल्या.